कंपाउंडर दिसते!



२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली. वाचलेल्यांना दवाखान्यात एक फिल्म दाखवली. तिच्यातला गडी कोट, चष्मा, हातमोजे घालून गुडघाभर पऱ्हाटीत फवारतो. त्या साली आपली पऱ्हाटी डोक्याएवढी! शेजारचा रोगी म्हणाला, "साहेब, हा मजूर नाही, कंपाउंडर दिसते."

मग आम्ही त्यालाच त्याच्या वावरात उभं केलं. औषध कातडीतूनही शिरतं. म्हणून वाऱ्याकडे पाठ, भिजलेले कपडे तिथंच उतरवायचे, अंग साबणानं धुवायचं, तंबाखू त्यानंतर. चक्कर आली तर औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना. हे सारं तो आपल्या बोलीत सांगतो.

आता तीच लावतो. मधे थांबवीन, तेव्हा विचारा.