पेहरावाचे छायाचित्र आणि त्याची दुरुस्ती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मोबाईलवर काढलेली पेहरावाची छायाचित्रे कशी सुधारावीत, हा विषय चालकांनी आमच्याकडे सोपविला तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया उंचावल्या, असे कानावर आले. परंतु ज्या घरी लग्नकार्य निघाले आहे तेथे जाऊन पाहावे. साडी नेसून होते न होते तोच छायाचित्र निघते, आणि वेणीतील गजरा कोमेजण्यापूर्वी ते इन्स्टाग्रामवर शेकडो लोकांच्या दृष्टीस पडते. तेव्हा हा विषय पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

प्रथम वस्त्राचा विचार करू. येवल्याची पैठणी घ्या. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असला म्हणजे तिच्यात धूपछाव खेळते, आणि काठापदराची जर प्रकाश परतविते. समोरून फ्लॅश पडला की जरीच्या जागी नुसता पांढरा पट्टा उरतो. पदरावरील मोर त्यात बुडून जातात. असा भाग एकदा पूर्ण पांढरा उमटला की मागाहून कोणत्याही साधनाने तेथील नक्षी परत आणता येत नाही, कारण ती टिपलीच गेलेली नसते. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीच्या उजेडात उभे राहावे आणि पडद्यावर जरीच्या जागी बोट टेकवावे. बहुतेक फोनांत तेथे उजेड कमीजास्त करण्याची खूण उमटते. ती थोडी खाली सरकवावी. चित्र किंचित काळोखे आले तरी चिंता नाही. सावल्या पुष्कळशा उजळता येतात, हरवलेली जर नाही.

पिवळ्या दिव्याखाली जांभळी साडी तपकिरी दिसते. स्नॅपसीडसारख्या विनामूल्य साधनात 'व्हाइट बॅलन्स' नावाची सोय आहे. चित्रातील एखाद्या खरोखर पांढऱ्या वस्तूवर, यजमानांचा सदराही चालेल, तिची खूण टेकविली की बाकीचे रंग बव्हंशी ठिकाणावर येतात. रंग गडद करणारी पट्टी मात्र जपून वापरावी. ज्या भगिनी घरून साड्यांची विक्री करतात त्यांनी तर तिला हातच लावू नये; चिंतामणी रंग म्हणून घेतलेली साडी घरी फिकी निघाली तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

आणखी एक गंमत. पुढील कॅमेऱ्याने स्वतःच टिपलेले चित्र काही फोनांत आरशातल्याप्रमाणे उलटे साठविले जाते. पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या नाकपुडीत! आजीबाई विचारतात, सूनबाई गुजराती पद्धतीने कधीपासून नेसू लागल्या? चित्र आडवे उलटविण्याची सोय असते. ती वापरली की संशय फिटतो.

येथवर दुरुस्ती वस्त्राची झाली. चेहऱ्याची दुरुस्ती ही निराळी गोष्ट होय. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटविण्याची कला जुन्या स्टुडिओंत होतीच. परंतु तेथे कारागिराचा हात आणि गिऱ्हाइकाची संमती दोन्ही लागत. आता कित्येक फोनांत त्वचा गुळगुळीत व उजळ करणारी योजना कोणी न सांगताच चालू असते. तेच चित्र आपल्या वधूवर सूचीत येते. पुढे पाहुणे घरी येतात, आणि त्यांची नजर हातातील चित्रावरून मुलीकडे व मुलीवरून पुन्हा चित्राकडे जाते. त्या दोन क्षणांत त्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार आपण केला आहे काय? बहुधा तो उजळपणा तिने मागितलेलाही नसतो. एखाद्या हौशी मावशीने किंवा खुद्द यंत्राने केलेला असतो.

दोष यंत्राचाच म्हणून मोकळे होता येणार नाही. २०२० साली शादी डॉट कॉमने त्वचेच्या वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली'च्या नावातील 'फेअर' गळून तेथे 'ग्लो' आले. व्यापाऱ्यांनाही जे लोकापवादास्तव सोडावे लागले, तो वर्णाचा रकाना आपल्या सूचीच्या अर्जात अद्याप शाबूत आहे. तो असेतोवर आईबाप चित्र उजळणारच. सबब तो रकाना काढावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडली आहे. चित्रे दोन असावीत, एक चेहऱ्याचे व एक पूर्ण पेहरावाचे. उजेड, रंग आणि चौकट यांपलीकडे त्यांत फेरफार नसावा, हेही तीत आहे.

ज्यांना सूचीसाठी अशी छायाचित्रे काढून हवी असतील त्यांनी आजच सभागृहाच्या पश्चिमेकडील खोलीत यावे. आमचे तरुण कार्यकर्ते तेथे बसले आहेत. मात्र पाचच्या आत यावे. पुढे त्या खिडकीत पुरेसा उजेड राहत नाही.