विजेच्या मोटारीचीं चाकें आणि चारशें रुपये

पुणें जिल्ह्यांतील मावळ तालुक्यांत, तळेगांव आणि चाकण यांच्या दरम्यान, सुदुंबरें नांवाचें गांव आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधि येथेंच आहे. संताजींचा धंदा तेलाचा. घाणा चालवून ते प्रपंच करीत. जुन्या काळीं बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव तापवून चढवीत आणि आंसाला वंगण घालीत. धांव झिजली कीं ती बदलावी लागे. आज या बाजूच्या रस्त्यांवरून ज्या मोटारी जातात त्यांतल्या कांहींना इंजिनच नाहीं, म्हणून इंजिनाचें तेलहि नाहीं. शेजारच्या चाकणला महिंद्र कंपनीच्या कारखान्यांत ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेच्या मोटारी तयार होतात. त्या २०२४ च्या नोव्हेंबरांत लोकांपुढें आल्या. तेल गेलें, पण धांव राहिली. ती आतां रबराची आहे, इतकेंच. या रबरी धांवेच्या, म्हणजे टायराच्या, एका लहानशा खर्चाविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

माझे एक स्नेही तळेगांवीं राहतात आणि नोकरीसाठीं रोज चाकणला जातात. त्यांची मोटार विजेची. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं सुदुंबऱ्याजवळ त्यांच्या चाकांत खिळा गेला. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनें पंक्चर काढलें आणि चारी चाकांकडे पाहून तो म्हणाला, “साहेब, पुढचे दोन टायर बरेच उतरलेत, मागचे अजून नव्यासारखे आहेत. अदलाबदल करून घ्या. चारशें रुपये होतील.” स्नेही रागावले. “अहो मिस्त्री, या गाडीला खर्च नाहीं म्हणून तर मी ती घेतली! पुढचें मागें आणि मागचें पुढें केल्यानें रबर कांहीं वाढतें का?” असें म्हणून ते निघून आले, आणि संध्याकाळीं त्यांनीं तोच प्रश्न मला घातला.

प्रश्न खोटा नव्हता. म्हणून मीं कागद घेऊन हिशेब मांडला. समजा, पुढचे टायर ३०,००० किलोमीटरांत संपतात आणि मागचे ६०,००० किलोमीटरांत. १,२०,००० किलोमीटर होईतों पुढें आठ टायर लागतील आणि मागें चार, एकूण बारा. आतां वेळोवेळीं अदलाबदल केली तर झीज चौघांत सारखी वांटली जाईल, आणि चारी टायर ४०,००० किलोमीटरांपाशीं एकदम संपतील. तेवढ्याच अंतरांत असे तीन संच लागतील. म्हणजे पुन्हां बाराच! शिवाय दर १०,००० किलोमीटरांस एकदां म्हटलें तर प्रत्येक संचाच्या आयुष्यांत तीन अदलाबदली, तीन संचांच्या नऊ, आणि दर खेपेस ४०० रुपये धरले तर ३,६०० रुपये वर गेले. कागदावर तरी माझे स्नेही जिंकले होते. “टायरांची अदलाबदल करा, पैसे वांचतील” असें जें सरसकट सांगतात, तें इतकें सरळ नाहीं.

मग हे पैसे कशाचे? हें समजण्यासाठीं विजेच्या मोटारीचें चाक कसें झिजतें तें पाहिलें पाहिजे. पहिली गोष्ट वजनाची. बॅटरीमुळें ही मोटार तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या मोटारीहून बहुधा दोनशें किलो किंवा त्याहूनहि अधिक जड असते. दुसरी गोष्ट जोराची. विजेची मोटार जागची हलतांनाच पुरा जोर लावूं शकते, आणि तो जोर ज्या चाकांना मिळतो तींच चाकें रस्त्यावर घांसतात. तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पेट्रोलची मोटार थांबवितांना चारी चाकांचे ब्रेक काम वांटून घेतात. विजेच्या मोटारीचा वेग कमी करावयाचा असला कीं तिची मोटरच उलट काम करून वीज बनविते आणि बॅटरींत परत घालते. आणि ही ओढ फक्त चालक चाकांवरच पडते. बोरघाट चढतांना ज्या चाकांनीं गाडी वर ओढली, त्याच चाकांनीं ती उतरतांना आवरून धरावयाची. घरांत एकाच मुलानें पाणी भरावें आणि त्यानेंच लांकडें फोडावीं, तसा हा प्रकार आहे. म्हणून पुढच्या आणि मागच्या टायरांतला फरक या मोटारींत लवकर वाढतो.

चालक चाकें कोणतीं, यालाहि महत्त्व आहे. टाटांच्या ‘नेक्सॉन’ या विजेच्या मोटारींत पुढचीं चाकें गाडी ओढतात. चाकणच्या वर सांगितलेल्या मोटारींत मागचीं चाकें ढकलतात. पुढचे टायर गोटे झाले तर ओल्या रस्त्यावर गाडी वळतां वळत नाहीं. पण मागचे गोटे झाले तर गाडीची पाठच फिरते, आणि ती सांवरणें सामान्य चालकाच्या हातीं राहत नाहीं. म्हणूनच दोनच टायर नवे घ्यावयाचे झाल्यास ते मागें बसवावे, असें टायर करणारे सांगतात. लोणावळ्याला वर्षाकांठीं ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसांत रस्त्यावरचें पाणी बाजूला सारण्याचें काम टायराच्या खांचा करतात. खांच १.६ मिलिमीटरांहून उथळ झाली कीं तो टायर मोटारीला चालवूं नये असा आपल्याकडे कायदा आहे. परंतु पाणी कांहीं कायद्याची वाट पाहत नाहीं. तेव्हां चारशें रुपये देऊन आपण रबर विकत घेत नाहीं. चारी चाकांची सारखी पकड विकत घेतों.

हें सारें ऐकून माझे स्नेही पुढच्या रविवारीं, कांहींसे नाखुषीनेंच, त्याच मिस्त्रीकडे गेले. मीहि बरोबर होतों. चाकें खालीं उतरलीं तेव्हां डाव्या बाजूचा पुढचा टायर मिस्त्रीनें आंतल्या अंगानें आमच्याकडे फिरविला. बाहेरून बरा दिसणारा तो टायर आंतल्या कडेला जवळजवळ गुळगुळीत झाला होता! चाकाची रोख बिघडली होती. ज्याला आपण ‘अलाइनमेंट’ म्हणतों ती. मिस्त्री म्हणाला, “साहेब, आधीं हें नीट करून घ्या. नाहींतर आज हा टायर खाल्ला, उद्यां मागून आलेला चांगला टायरहि खाईल.” चाक जागेवर असतांना ती कड कधींच दिसली नसती. स्नेह्यांनीं मुकाट्यानें चाकांची रोख नीट करून घेतली. तो टायर वांचण्यासारखा नव्हता. उरलेले तीन मात्र वांचले.

माझ्या कागदावरच्या हिशेबांतली चूक येथेंच होती. टायर सर्व अंगांनीं सारखाच झिजेल असें मीं धरलें होतें. प्रत्यक्षांत टायर आपल्या सर्वांत वाईट कडेनें मरतो; बाकीचें रबर चांगलें असूनहि तो टाकावा लागतो. एक टायर १०,००० रुपयांचा धरला तर चाळीस हजारांचा संच ४०,००० किलोमीटर चालावयाचा. म्हणजे किलोमीटरला एक रुपया. एकच संच ५,००० किलोमीटर आधीं गेला कीं पांच हजार रुपये गेले. नऊ अदलाबदलींचे ३,६०० रुपये त्याहून कमीच आहेत.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. अदलाबदलीला आजच्या बाजारांत साधारण २०० ते ६०० रुपये पडतात. रोख आणि समतोल बरोबर पाहिला तर हजार-दीड हजारांच्या आसपास. आपल्या मोटारीच्या पुस्तकांत जें अंतर दिलें असेल तें पाळावें. तें बहुधा दहा हजार किलोमीटरांच्या आंतबाहेर असतें. पुढच्या-मागच्या टायरांची रुंदी वेगळी असेल तर अदलाबदल करतां येत नाहीं. टायरावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो त्याच बाजूला पुढें-मागें करावा, डावा-उजवा करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जॅक कोठें लागतो तें उभें राहून पाहावें. या मोटारीच्या पोटाखालीं सबंध बॅटरी पसरलेली असते; जॅक ठरलेल्या खुणेवरच लागला पाहिजे. चुकून बॅटरीखालीं लागला तर चारशें रुपयांच्या कामांत लाखांचें नुकसान होईल. चाकाचे नट मोजक्या जोरानें आवळावे, आणि शेंभर किलोमीटरांच्या आंत पुन्हां एकदां तपासावे. विजेच्या तारांना हात लावण्याचें या कामांत कारण नाहीं. म्हणून जाणता मिस्त्री गांवाच्या फाट्यावरहि तें उत्तम करूं शकतो.

विजेच्या मोटारीनें मिस्त्रीचें तेल बदलण्याचें काम काढून घेतलें आहे; चाकाचें काम मात्र त्याच्याकडेच राहिलें आहे, आणि तें पूर्वीहून अधिक काळजीचें झालें आहे. त्याला द्यावयाचे चारशें रुपये मोजतांना माझ्या स्नेह्यांचा हात आतां आंखडत नाहीं. पावसाळा तोंडावर आला म्हणजे, श्रोते हो, आपणहि एकदां आपलीं चाकें उतरवून त्यांची आंतली कड पाहावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.