गादीवर बसून वाचलेली पुस्तके

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्तांनी केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य हरसूलच्या बाजारात कापडाचे तागे उलगडण्यात आणि पुन्हा गुंडाळण्यात गेले. समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु बाजाराचा दिवस वगळला तर आपल्या गावी दुपारी गिऱ्हाईक नसते, आणि आता मुलगा गल्ल्यावर बसू लागल्याने माझ्या वाट्याला केवळ गादी आणि लोड उरले आहेत. या निवांतपणात कादंबऱ्या आणि इतिहासाची पुस्तके वाचतो. त्यांतून जे वाटले ते सांगतो. ते चुकीचे असल्यास दोष माझा, लेखकांचा नव्हे.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली, तेव्हा मी ती दोन रात्रींत वाचून काढली होती. यंदा पुन्हा वाचताना जोडीला त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ घेतला. कादंबरी वाचताना डोळे पाणावतात. शेजवलकर वाचताना हिशेब समोर येतो. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीचा मोठा आधार तुटला, पुढे धान्य आणि वैरणीवाचून फौज उपाशी पडली. या गोष्टी दोन्ही पुस्तकांत आहेत, पण माझ्यासारख्या दुकानदाराला त्या शेजवलकरांकडे अधिक नीट कळल्या. भांडवल तुटलेले, उधारी वसूल होत नाही आणि माल घरापासून दूर अडकलेला, अशा स्थितीत कितीही शूर माणूस काय करणार? एक गोष्ट मात्र दोन्ही वाचनांत मनातून जाईना. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना या पराभवाची वार्ता एका सावकारी पत्रातून कळली, असे प्रसिद्ध आहे. पडलेले सरदार आणि शिपाई त्या पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा म्हणून मोजलेले होते. आपल्या पेढीच्या भाषेत माणसांचे मरण लिहिलेले वाचून मी वही मिटून ठेवली.

दुसरा विषय थोडा नाजूक आहे. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ मी तरुणपणापासून कितीदा वाचली, याची मोजदाद नाही. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. जव्हारजवळच्या शिरपामाळावर राजे विक्रमशहांनी त्यांचे स्वागत केल्याची आठवण जव्हारकर आजही सांगतात. म्हणजे तो इतिहास आपल्याच डोंगरांतून गेला. कादंबरी वाचताना मी मराठ्यांच्या घोडदळाबरोबर सुरतेत शिरतो. मागे जदुनाथ सरकारांचे शिवचरित्र वाचले आणि प्रथमच मी वीरजी व्होरांच्या दाराशी उभा राहिलो. ईस्ट इंडिया कंपनीला कर्ज देणारे हे सुरतेचे मोठे व्यापारी आपल्याच धर्माचे. त्यांचा वाडा लुटला गेला. मग मी कोणत्या बाजूचा? माझा अभिमान शिवरायांबरोबर आहे आणि कळवळा वीरजींबद्दल. दोन्ही खरे आहेत, आणि यांपैकी एक सोडावे असे मला वाटत नाही. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की, त्या लुटीत एका दिवंगत, दानशूर दलालाचे घर वगळण्यात आले होते. हा तपशील कादंबरीकाराने रचला असता तर मी त्याला भाबडेपणा म्हटले असते.

आता एक आनंदाची गोष्ट. आपल्या समाजातील किती जणांनी बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ वाचले आहे? १६४१ साली आग्र्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, या जैन व्यापाऱ्याने ब्रजभाषेत पद्यात स्वतःचे चरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे, म्हणून हे अर्धे कथानक. मी ते हिंदी अनुवादाच्या आधाराने वाचले. तोटा इतका प्रामाणिकपणे मांडणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. माल विकला, भांडवल गेले, आणि हे गृहस्थ आग्र्यात रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा मोठ्याने वाचत बसले. ऐकायला दहा-वीस मंडळी जमत. त्यांतला एक कचोरीवाला त्यांना महिनोन्‌महिने उधारीवर कचोऱ्या खाऊ घालत राहिला! १६०५ साली अकबर बादशहा वारल्याची बातमी जौनपूरला पोहोचली तेव्हा दुकाने बंद झाली, सावकारांनी जवाहीर पुरून ठेवले आणि मोठमोठी माणसे जाडेभरडे कपडे घालून फिरू लागली. बादशहाच्या मरणाचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहे, पण त्या दिवशी बाजारपेठेचे काय झाले ते आपल्या माणसाने सांगितले. त्यांची नऊ मुले झाली आणि सगळी गेली. तेही त्यांनी लिहिले आहे, कुठेही आवाज न चढवता. घरातील मुलांना हे पुस्तक अवश्य द्यावे.

ज्या पुस्तकाने मला सर्वांत अधिक त्रास दिला, ते शेवटी सांगतो. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली प्रसिद्ध झाले आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागांत १९४५ पासून झालेल्या वारल्यांच्या लढ्याची ती हकीकत आहे. हा मुलूख आपल्यापासून फार लांब नाही. तेच डोंगर, तोच पाऊस आणि तसेच लोक. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने मालकाच्या घरी राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. पुस्तकातले जमीनदार आणि सावकार निरनिराळ्या जातींचे आणि धर्मांचे आहेत. बाईंनी कोणत्याही एका समाजावर राग धरलेला नाही. तरीही पहिल्या वाचनात मी रागावलो. आमचे पूर्वज घनदाट रानात, तापाला न जुमानता दुकान घालून बसले, मीठ आणि मांजरपाट घरोघर पोहोचवले, हे कोण लिहिणार, असे मनाशी म्हणालो. पुस्तक दोन महिने कपाटात पडून राहिले.

मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांच्या वह्या निघाल्या. कुतूहलाने एक खतावणी उघडली. एका पाड्यावरच्या माणसाच्या नावे लग्नाच्या बस्त्याचे कापड आणि रोख काही रुपये. पुढे दरवर्षी नागली जमा, भात जमा, खुरासणी जमा. बाकी मात्र कमी होत नाही. दुसऱ्या वहीत तीच बाकी त्याच्या मुलाच्या नावे ओढलेली. आजोबा सज्जन होते, दारी आलेल्याला त्यांनी उपाशी पाठवले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. वही त्यांच्याच वळणदार अक्षरात आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मी बी.कॉम. झालो तो व्याजाचे गणित शिकूनच. ती बाकी कशी फुगत गेली, हे मला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन दस्तऐवज जाळले, हे शाळेत सर्वांनी वाचले असेल. सुप्याला सुरुवात झाली आणि चार वर्षांनी सरकारला कायदा करावा लागला. त्याआधी, डिसेंबर १८५७ मध्ये, पेठ संस्थानच्या उठावात आपल्या हरसूलचा बाजारही लुटला गेला. पेठचे भगवंतराव राजे फाशी गेले. आपण त्या उठावाचा गौरव करतो, आणि तो करणे योग्यच आहे. पण लुटला गेला तो बाजार आपणच ज्यात बसतो तोच. दीडशे वर्षांपूर्वी गादीवर बसलेला माणूस त्या रात्री काय विचार करत असेल, आणि डोंगरावरून उतरणारा काय, या दोन्हींवर कोणी कादंबरी लिहिली तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन.

आमच्या दुकानी एक तरुण शिक्षक येतात, आदिवासी कुटुंबातले. त्यांना मी परुळेकरबाईंचे पुस्तक वाचायला दिले आणि धीर करून ती खतावणीही दाखवली. त्यांनी पाने चाळली, एका नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, “शेठ, हे आडनाव आमच्या मामाकडचं.” मला काही सुचेना. मी चहा सांगितला. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “या वह्यांच्या झेरॉक्स मिळतील का? मुलांना दाखवायच्या आहेत.” घरात यावर बरीच चर्चा झाली. नातलगांपैकी काहींचे म्हणणे, जुनी उणीदुणी कशाला उकरायची, वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांची भीती मला समजते. आपल्याला याच गावात दुकाने चालवायची आहेत. तरी मी झेरॉक्स काढून दिल्या. मूळ वह्या फडक्यात बांधून ठेवल्या आहेत.

आपल्याजवळच अंजनेरीच्या जिनालयात शके १०६३ चा शिलालेख आहे. त्यात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी दुकाने दिल्याची नोंद आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या आपल्या दानाचा लेख आपण अभिमानाने दाखवतो. तो दगडावर होता म्हणून राहिला. वही कागदाची असते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्ट वाचनालयाचे कपाट करणार आहे, असे अध्यक्षांनी जाहीर केले. माझ्यातर्फे त्यात आज सांगितलेली सर्व पुस्तके देतो. परुळेकरबाईंच्या पुस्तकाच्या दोन प्रती, कारण एक नेहमी शिक्षकांकडेच असते. आजोबांच्या वह्याही विश्वस्तांनी अनुमती दिल्यास त्याच कपाटात खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, अशी विनंती आहे. बाजाराचा दिवस सोडून कोणीही दुपारी दुकानी यावे, मोडी मला थोडीफार वाचता येते.