पाच सेंटिमीटरचा सैनिक: विसाव्यातला आणि आवेशातला



स्केल मॉडेलच्या छंदात रणगाडे, तोफा आणि विमानं यांच्याबद्दल भरपूर बोललं जातं. चिलखताची जाडी किती, पट्ट्याच्या कड्या किती, रंगाची छटा कोणत्या वर्षातली, यावर चर्चा रंगतात. रणगाड्याशेजारी उभ्या केलेल्या माणसाचा विषय मात्र शेवटी, उरलेल्या वेळात निघतो. आज मी त्या माणसाबद्दलच बोलणार आहे. तो धावत असावा, गोळी झाडत असावा, की चाकाला पाठ टेकून बसलेला असावा? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. विसाव्यातला सैनिक घडवायला अवघड असतो. पण तोच अधिक खरा वाटतो आणि पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. आवेशातला सैनिक करूच नये असं मी म्हणणार नाही. मात्र त्याचा क्षण फार पारखून घ्यावा लागतो.

आधी मापाची ओळख करून घेऊ. जमिनीवरच्या युद्धाची मॉडेल्स बहुतेक एकास पस्तीस या प्रमाणात असतात. हे प्रमाण जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीमुळे रूढ झालं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्यासाठी जो आकार ठरला तो एकास पस्तीसच्या जवळ जाणारा होता. पुढे 1968 पासून त्यांची सैनिकी मॉडेल्सची मालिका निघाली आणि हेच माप जगभर पसरलं. या मापात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस बरोबर पाच सेंटिमीटरचा होतो. एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. बुटाचा तळ आणि जमीन यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तरी तो माणूस जमिनीपासून पावणेदोन सेंटिमीटर वर तरंगत असतो. डोळ्याला ते लगेच खटकतं.

आता आवेशातल्या पोझची अडचण पाहू. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर रॉबर्ट कापा या छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लाटांतून पुढे सरकणारा सैनिक त्यांत धूसर आहे, कडा हललेल्या आहेत. त्या धूसरपणातूनच गती आणि भीती आपल्यापर्यंत पोहोचते. प्लास्टिकच्या सैनिकाला अशी धूसर कड देता येत नाही. त्याचं प्रत्येक बटण स्पष्ट, प्रत्येक चुणी टोकदार. ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड दहा वर्षांनीही तेवढंच उघडं राहतं. बॉम्ब फेकायला मागे नेलेला हात मागेच राहतो. पहिल्या नजरेत हे सगळं थरारक वाटतं. पण कपाटातलं मॉडेल आपण रोज पाहतो, आणि रोज पाहताना तो थांबलेला आवेश थिजल्यासारखा दिसू लागतो. बसलेल्या माणसाचं तसं होत नाही. तो मुळातच थांबलेला आहे. आपण पाच मिनिटं पाहिलं, तर ती पाच मिनिटं तो खरोखर तसाच बसून राहू शकतो. पाहणाऱ्याचा काळ आणि त्याचा काळ एकाच गतीने चालतो.

दुसरं कारण सैनिकाच्या आयुष्यातच आहे. लढाईतला सैनिक दिवसाचे चोवीस तास लढत नसतो. तो चालतो, खंदक खणतो, बंदूक साफ करतो, पत्र लिहितो, डबा उघडून जेवतो आणि सगळ्यात जास्त वाट पाहतो. दुसऱ्या महायुद्धात बिल मॉल्डिन या अमेरिकन व्यंगचित्रकाराने ‘विली’ आणि ‘जो’ हे दोन पायदळ शिपाई रेखाटले. दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले, झोपेसाठी आसुसलेले. इटलीच्या आघाडीवरच्या सैनिकांना ते आपलेच वाटले आणि 1945 साली मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळालं. थकलेला माणूस सगळ्यांना ओळखीचा वाटतो, मग गणवेश कोणत्याही देशाचा असो.

आता घडणीकडे वळू. आपल्या मूर्तिशास्त्रात उभं राहण्याच्या तऱ्हांना नावं आहेत. पंढरीचा विठ्ठल समचरण उभा आहे, दोन्ही पायांवर सारखा भार. हा समभंग. एका पायावर भार देऊन दुसरा किंचित सैल सोडला की आभंग. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्रिभंगात आहे. आणि अंग जोराने पिळवटलं, हातपाय फेकले, की अतिभंग. पहाऱ्यावरचा ताठ शिपाई समभंगात उभा असतो, हल्ला करणारा अतिभंगात. विसाव्याला उभा राहिलेला शिपाई मात्र आभंगात असतो, आणि तिथेच कारागिराची कसोटी लागते.

असा एक सैनिक भिंग घेऊन पाहा. भार उजव्या पायावर आहे, म्हणून उजवी कंबर वर उचलली गेली पाहिजे आणि उजवा खांदा थोडा खाली आला पाहिजे. डावा गुडघा सैल. त्या बाजूला विजारीची चुणी गुडघ्याखाली गोळा होऊन बुटावर बसलेली. खांद्याला लटकवलेल्या रायफलचा पट्टा ताणलेला हवा, कारण तिला चार किलोच्या आसपास वजन आहे. पाण्याची बाटली कमरेवर आडवी चिकटलेली नको, ती खाली ओढली जायला हवी. यातलं एक जरी चुकलं तरी माणूस पोकळ वाटतो. धावणाऱ्या सैनिकात हातापायांची फेक एवढी मोठी असते की अशा चुका झाकल्या जातात. निवांत सैनिकाला झाकायला काहीच नसतं.

कारखान्याचीही एक मर्यादा आहे. प्लास्टिकचे सुटे भाग पोलादी साच्यातून निघतात आणि साच्याचे दोन भाग सरळ रेषेत उघडतात. आत वळलेला खोलगट भाग असला, तर तो साच्यात अडकतो. म्हणून सैनिक तुकड्यांत येतो: धड, दोन पाय, दोन हात, डोकं आणि पाठीवरचं सामान. ही मर्यादा छंद जोपासणाऱ्याच्या पथ्यावर पडते. मान चिकटवताना ती थोडी खाली झुकवा, मनगट जरा वळवा, आणि सूचना ऐकणारा सैनिक विचारात पडलेला दिसू लागतो. पट्टा शिशाच्या पातळ पत्र्याचा करा, म्हणजे तो खरोखर लोंबेल.

मग आवेश कधी दाखवावा? इथे शिल्पकलेचा इतिहास वाट दाखवतो. मायकेलअँजेलोने 1501 ते 1504 या काळात डेव्हिड घडवला, तो लढाईच्या आधीचा: गोफण खांद्यावर, भार उजव्या पायावर, कपाळावर आठी. बर्निनीने 1623-24 मध्ये तोच डेव्हिड घडवला, तो दगड सोडण्याच्या बेतात: अंग पिळलेलं, ओठ दाताखाली दाबलेले. बर्निनीची पोझ आवेशाची असली, तरी दगड अजून सुटलेला नाही. घाव बसण्याआधीचा क्षण त्याने पकडला, म्हणून पाहणारा पुढचं स्वतः पूर्ण करतो.

हाच कस आपल्या एका वीराला लावून पाहू. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले, आपल्या रायगड जिल्ह्यातले. 10 जुलै 1944, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला आपल्या बंदुकीने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांवर दस्त्याने घाव घातले. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे निवांत पोझमध्ये मांडणं अन्यायाचं होईल. पण निवडायचा क्षण घावाचा नव्हे. नळी दोन्ही मुठींत आली आहे, दस्ता वर उचलला जातो आहे, भार अजून मागच्या पायावर आहे, तो क्षण घ्यावा. संपलेल्या गोळ्या आणि न संपलेला निर्धार, दोन्ही त्यात दिसतात.

अनेक सैनिकांचा देखावा, म्हणजे डायोरामा, करताना आणखी एक पथ्य पाळावं. शिकागोचे शेपर्ड पेन या कलेतले मोठे गुरू. डायोरामातून गोष्ट सांगायची असते, ही जाण या छंदात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि 1980 साली आलेलं त्यांचं डायोरामावरचं पुस्तक अनेकांचं पाठ्यपुस्तक ठरलं. गोष्टीत सगळेच ओरडत असतील तर कोणाचंच ऐकू येत नाही. एकाच खोक्यातले चार जण चार दिशांना गोळ्या झाडत असतील, तर देखावा फाटतो. त्यांच्या नजरा एका ठिकाणी आणा. तिघे शांत आणि एकजण अचानक वळून पाहणारा, एवढ्याने प्रसंग उभा राहतो.

आपल्याकडे ही कला दरवर्षी अंगणात उतरते. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं मातीचे मावळे मांडतात. त्यांत तलवार उगारलेले पुष्कळ असतात, आणि ते असावेतही. पण गड राखला गेला तो पहारा, पाणी, धान्य आणि जागरण यांच्या बळावरही. म्हणून मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझी विनंती आहे. यंदा किल्ला कराल तेव्हा एखादा मावळा दरवाज्याशी भाल्यावर रेलून उभा करा, एखादा तटाला टेकून बसलेला घडवा. आणि मॉडेल करणाऱ्या मित्रांना सांगेन, पुढचा सैनिक निवडताना त्याच्या हातातलं शस्त्र नंतर पाहा, आधी त्याच्या शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते पाहा. भार बरोबर असेल, तरच तो सैनिक घरी आणा.