पाण्याचे विद्युत्‌-विघटन

व्होल्टाच्या विद्युत्‌घटाची वार्ता लंडनास पोहोचल्यावर थोड्याच आठवड्यांत, इसवी सन १८०० मध्ये, निकल्सन आणि कार्लाइल या द्वयाने विजेच्या प्रवाहाने पाणी विघटित करून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. आजही जिज्ञासू विद्यार्थी काचेचे भांडे, शिसपेन्सिलीतील ग्राफाइटच्या दोन कांड्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्या सामग्रीवर तो प्रयोग करू शकतो. शुद्ध पाणी विजेस फारसे वाहू देत नाही, सबब त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. मीठ मात्र कदापि घालू नये, कारण मग धनाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेल्या कांडीवर, विषारी क्लोरिन निर्माण होतो. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्याही टाळाव्यात, त्यांतून क्रोमियमची घातक संयुगे द्रावणात उतरू शकतात.

रचनेचे खरे मर्म दोन्ही वायू परस्परांपासून अलग ठेवण्याच्या तजविजीत आहे. दोन्ही कांड्यांवर पाण्याने भरलेल्या परीक्षानळ्या उपड्या धरल्या, की ऋणाग्रावरील, म्हणजे ऋण टोकाशी जोडलेल्या कांडीवरील, हायड्रोजन ऑक्सिजनच्या सुमारे दुप्पट आकारमानाचा जमतो. हवेत चार ते पंचाहत्तर टक्के इतक्या प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन ठिणगीसरशी पेट घेतो. म्हणून बाटलीत वा फुग्यात त्याचा साठा करू नये, घरातील विजेच्या बटणाशी थेट जोडणी करू नये, आणि मुलांनी हा प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा, ही आग्रहाची विनंती.