डोक्याला मार लागलेल्या माणसाची घरची शुश्रूषा



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माझे धाकटे दीर वर्धा रोडवर स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला, आणि जाऊबाईंच्या जोडीने मी त्यांची शुश्रूषा केली. त्यातून शिकले तेवढेच सांगते.

आजारी माणूस अंथरुणाला खिळला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. भरविताना नीट बसते करावे आणि लहान घास द्यावा. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके दिसले तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मनाची शुश्रूषा याहून अवघड. भाऊजी एकच प्रश्न दहादा विचारीत. अशा वेळी "आत्ताच सांगितले ना?" म्हणू नये, पुन्हा शांतपणे सांगावे. समोर मोठे कॅलेंडर व घड्याळ लावावे, वस्तू ठरल्या जागी ठेवाव्या, एका वेळी एकानेच बोलावे. कपाळामागच्या मेंदूला इजा झाली की राग आवरत नाही, कशात उत्साह वाटत नाही. तो स्वभाव नव्हे, आजार आहे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा बहुधा भराभर होते, पुढे हळूहळू. म्हणून धीर सोडू नये. आठव्या महिन्यात भाऊजींनी स्वतः चहा केला. साखर विसरले होते. आम्ही तो तसाच आनंदाने प्यालो!

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या मेंदूला १९७३ साली झालेल्या हल्ल्यात इजा झाली. त्या बऱ्या झाल्या नाहीत. पण २०१५ साली त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना जिवापाड सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या सेवेची प्रशंसा केली. पण भगिनींनो, तेथे पाळ्या होत्या. घरी एकाच बाईची रात्रंदिवस पाळी असते! आमच्याकडे पाहायला पुष्कळ आले. "तुम्ही दोन तास पडा, मी बसते," असे जाऊबाईंना म्हणणाऱ्या दोघीच निघाल्या.

म्हणून माझी विनंती आहे की, शेजारी असे दुखणे आले तर मंडळाने पाळ्या लावून घ्याव्या. फळे नेली नाहीत तरी चालेल, दोन तास न्यावे.