गुडघ्याखालची उशी
(देवपूर, धुळे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



व्यासपीठावर आल्या आल्या माझं लक्ष सतरंजीकडे गेलं. मी लहान होते तेव्हा उन्हाळ्यातल्या अशा व्याख्यानांना पुढची सतरंजी मांडीला मांडी लावून भरलेली असायची. खुर्च्या मागे, चारसहा, पाहुण्यांपुरत्या. आज सतरंजीवर थोडी मुलं आहेत आणि आपण सगळे खुर्च्यांवर. गुडघ्यापायी कुणी खुर्ची धरली आहे हे मी विचारणार नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून इतकी वर्षं काढली, आता माणूस पायरी कसा चढतो यावरूनच ते कळतं.

ऑपरेशनची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, जून २००१ मध्ये उजवा, आणि ‘गुडघा बदलणं’ हा शब्द घराघरांत गेला. ते ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कचे. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना १९७४ मध्ये तिथं ज्या चमूनं पहिल्यांदा बसवला, त्या चमूत ते होते. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं या सांध्यांच्या किमतीला लगाम घातला. सरासरी दीड लाखाच्या वर विकला जाणारा नेहमीच्या धातूचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. त्यानंतर साक्री, शिरपूर, शिंदखेड्याची शेतकरी कुटुंबंही हा खर्च मनावर घेऊ लागली. ऑपरेशन आवाक्यात आलं, पण त्यापुढचे तीन महिने घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. मी आज त्या तीन महिन्यांवर बोलणार आहे.

आधी एक गैरसमज काढू. आपण म्हणतो, ‘वाटी बदलली’. वाटी बहुतेक वेळा तुमची तुमचीच राहते, फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं साधारण एक सेंटिमीटर जाडीची तासतात, त्यांवर धातूचं आवरण बसतं आणि मध्ये टणक प्लास्टिकची गादी. सांधा नवा. भोवतालचं मांस, स्नायू, पडदे मात्र जुनेच, आणि नुकतेच कापलेले.

कापलेलं शरीर स्वतःला शिवतं. त्यासाठी ते कोलॅजन नावाचे तंतू सोडतं. पहिल्या आठवड्यांत हे तंतू पिंजलेल्या कापसासारखे असतात, गोळा, कुठल्याही दिशेला गेलेले. पेळूला हळूहळू ताण दिला की सूत निघतं, हे आपल्या खानदेशात सांगायला नको. या तंतूंचंही तसंच आहे. गुडघा रोज वाकला, सरळ झाला, तर ते त्या ओढीच्या दिशेनं लांब होतात. गुडघा पडून राहिला, तर जिथल्या तिथं थिजतात आणि एका थराला दुसरा थर चिकटतो. वाटीच्या वर एक पातळ घडी असते. गुडघा वाकताना ती उलगडते. ती घडी आतून चिकटली की सांधा कितीही महागडा असो, पाय वाकत नाही. बाहेरचा टाका सगळ्यांना दिसतो, हा आतला व्रण कुणाला दिसत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नाशिकला नोकरीत होते. ऑपरेशन उत्तम झालं. घरी आणल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिची अशी सेवा केली की शेजारच्या बायका कौतुक करायच्या. पाय दुखतो म्हटलं की ते गोधडीची जाड घडी करून तिच्या गुडघ्याखाली सारायचे. गुडघा जरासा वाकलेला राहिला की दुखणं कमी होतं, म्हणून आईला बरं वाटायचं. रात्रभर ती घडी तशीच. निघताना रुग्णालयात कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि मीही फोनवर ‘व्यायाम चालू आहे ना’ एवढंच विचारत राहिले. तिसऱ्या आठवड्यात घरी आले. पलंगावर तिला पाय सरळ करायला सांगितला आणि गुडघ्याखाली हात घातला. माझी अख्खी मूठ आत गेली. आई म्हणाली, “पोरी, मन्हा गुडघा उतरत नही.” नाना दारात उभे होते. ती गोधडी त्यांच्या हातात होती.

गुडघा सरळ होणं हे वाकण्याच्याही आधी येतं, हे आपल्याकडे कुणाच्या मनात ठसलेलंच नाही. सगळे विचारतात, ‘किती वाकतो?’ पण गुडघा थोडा वाकलेलाच राहिला तर चालताना मांडीचा स्नायू सतत ओढलेला राहतो, माणूस लंगडतो, अर्ध्या तासात थकतो आणि पुढे कंबरही धरते. म्हणून उशी गुडघ्याखाली नको. टाचेखाली घ्या. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी, मांडीचा स्नायू आवळून गुडघा पलंगाकडे दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. दिवसातून चारपाच वेळा, दहादहा वेळा.

नाना रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिच्या गुडघ्याखाली हात घालून बघायचे. मुठीची चार बोटं झाली, मग दोन. त्याला सहा आठवडे गेले. त्यांनी कॅलेंडरवर त्या त्या दिवशी पेन्सिलीनं बोटांएवढ्या रेघा मारल्या होत्या. ते पान माझ्याकडे आहे.

वाकण्याचं मोजमापही घरच्या भाषेत सांगते. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ७० अंश वाकावा लागतो. जिना चढा-उतरायला नव्वदीच्या आसपास, नेहमीच्या खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडा जास्त. काटकोन म्हणजे ९०. सहा आठवडे होत आले तरी पाय काटकोनात येत नसेल तर ‘हळूहळू होईल’ म्हणत बसू नका, सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय असतो, पण तो पहिल्या तीन महिन्यांत चांगला लागू पडतो. व्रण पिकून घट्ट झाल्यावर तेच काम दुर्बिणीनं किंवा पुन्हा कापून करावं लागतं. मांडी घालून बसायचं की नाही, हे मात्र सर्जन सांगतील तेच खरं. बहुतेकजण नको म्हणतात.

काहींना व्यायाम चोख करूनही व्रण जास्त येतो. तो त्यांच्या शरीराचा धर्म असतो. मधुमेह असेल किंवा ऑपरेशनआधीच गुडघा आखडलेला असेल तर शक्यता वाढते. अशा माणसाला घरच्यांनी ‘तू आळस केलास’ असं कधी म्हणू नये. मी हे वाक्य अनेक घरांत ऐकलं आहे आणि ते ऐकून व्यायाम सोडून दिलेली माणसंही पाहिली आहेत.

उलट टोकही आहे. एका घरात धाकट्या मुलानं आईच्या पायावर बसून गुडघा वाकवला. जोर केला की गुडघा सुजतो, सूज आली की आणखी व्रण. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात उतरावं. रात्रभर ठणकलं तर उद्या थोडं कमी करा. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्या. पहिले काही आठवडे गरम शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, आणि पाय छातीच्या वर उचलून.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात. जखम पूर्ण मिटून खपली गळून गेल्यावर, सर्जननं हो म्हटल्यावर, बोटाच्या पेरानं व्रणाला मालीश करायची. खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरेत. व्रणाच्या लांबीवर, मग आडवं, मग गोल, कातडी खालच्या थरावर सरकेल एवढाच दाब, पाच मिनिटं. गावात मालीश करणाऱ्या मावशी असतात, त्यांच्या हाताला गुण असतो, पण ताज्या गुडघ्यावर त्यांचा जोर नको, आणि हळदीचा लेप तर उघड्या जखमेवर अजिबात नको. व्रण मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर आपलं हे चाळिशीपारचं ऊन त्याला लागू देऊ नका, काळा पडतो. जुळलेली कातडी पूर्वीच्या ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हातभर नव्हे, तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कारण तिथली बारीक नस कापावी लागते. तो लकवा नाही. पुष्कळांचा तो भाग हळूहळू लहान होतो.

आणि मिश्री. आयाबायांनो, हे मी हात जोडून सांगते. दातांवरची ती भाजलेली तंबाखूच असते. तिच्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. ऑपरेशनच्या कित्येक आठवडे आधीपासून ती बंद हवी. पथ्याच्या नावाखाली मात्र डाळ बंद करतात, वांग्याला हात लावू देत नाहीत, ‘जखम चिघळेल’ म्हणून. जखम भरायला प्रथिनंच लागतात. डाळ खा, दूध घ्या, चालत असेल तर अंडी खा. कळण्याची भाकरी आणि भरीत खुशाल खा.

पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पाणी यायला लागलं, गुडघा लाल होऊन ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. व्यायामानं ते बरं होत नाही.

माझं बोलणं इथं थांबवते. मागे भिंतीशी मी पलंग आणि चादर लावून घेतली आहे. ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी घरच्या माणसाला सोबत घेऊन या. पाय सरळ करून पडा, तुमच्याच माणसाला गुडघ्याखाली हात घालायला लावू, आणि किती बोटं जातात ते बघू.